दात न पाहिलेली जोडी

भातकुलीकडच्या ज्या गावची ही हकीकत, त्याचं नाव मी लिहीत नाही. तिथली माणसं कोर्टाच्या तारखेला अमरावतीला आली की अजून माझ्याकडे चहाला बसतात. त्यांनीच ही हकीकत मला सांगितली, आणि प्रत्येकानं सांगताना आपल्या पदरचं थोडं घातलं. मी त्यातलं काही काढलेलं नाही. उगाच कशाला कुणाचं मन मोडा?

या गावचा सूर्यभान म्हणजे बैलजोडीचा पारखी. बाजारात तो शिरला की व्यापारी खोकायला लागत. बैलाची वेसण धरायची, ओठ वर करायचा आणि ओरडायचं, "दात दाखो!" एवढाच त्याचा मंत्र. दात पाहून बैलाचं वय सांगायचा, आणि दोन्ही बैल चार पावलं चालवून पाहिले की ही जोडी जमेल की नांगराला उभा दावा मांडेल, तेही सांगायचा. लोक म्हणत, सूर्यभान सोयरिकीलाही दातच पाहतो. पार्वताबाईला पाहायला गेला तेव्हा तिनं म्हणे मुद्दाम तोंड मिटून ठेवलं होतं. त्या मिटल्या तोंडाची भरपाई तिनं पुढे जन्मभर केली.

या घराण्याकडे पोळ्याचा पहिला मान होता. श्रावणी अमावास्येला मारुतीसमोर आंब्याच्या पानांचं तोरण बांधायचं, गावचे सगळे बैल सजवून रांगेत उभे करायचे, आणि सूर्यभानच्या घरची जोडी तोरणाखालून गेली म्हणजे पोळा फुटला. ती गेल्याशिवाय गावातला एकही बैल हलत नसे. बाप गेला, जमिनीच्या वाटण्या झाल्या, मान मात्र सूर्यभानकडे राहिला. त्या मानावर तो वर्षभर पोट भरल्यासारखा चालायचा.

अशा माणसाला जीपचं वेड लागलं.

लढाई संपली होती, स्वराज्य आलं होतं, पण पाट्यांवर अजून सी. पी. अँड बेरारच होतं. लष्करानं काढून टाकलेल्या जिपा लिलावात मिळू लागल्या होत्या. अमरावतीच्या एका वकिलानं घेतलेली जीप सूर्यभाननं चिखलातून निघताना पाहिली, आणि आठ दिवस त्याच्या तोंडात दुसरा विषय नव्हता. रोजच्या रस्त्यावर तिची फक्त मागची चाकं ओढतात. चिखल लागला की एक छोटा दांडा ओढायचा, मग पुढचीही चाकं ओढायला लागतात. "चारी पायानं ओढणारा बैल पाय्ला का कुठं?" असं तो ज्याला त्याला विचारी. शेवटी त्यानं चांद्या आणि पोवळ्या ही आपली जोडी विकली आणि लिलावातली जीप घरी आणली. जोडी कुणाला विकली? जानरावाला. हा जानराव चुलत घरातला, आणि पोळ्याच्या मानावर त्याचा वीस वर्षांपासून डोळा. चांद्या-पोवळ्याची आई पार्वताबाईच्या माहेरची. तिनं त्या दिवशी चूल पेटवली नाही.

जीप मिळाली, पण सूर्यभानला अंदाज बैलगाडीचा. लग्नाचं वऱ्हाड, त्यात दोन पोती ज्वारी, त्यावर वाजंत्री, असं सगळं तिच्यावर लादून तो निघाला आणि जिपेचा मागचा आस, म्हणजे दोन चाकांमधला लोखंडी कणा, मोडला. नवा कुठून आणायचा? तो अकोल्याला गेला, खुशालराव भंगारवाल्याकडे. खुशालरावाकडे लष्करी जिपेचा आस नव्हता. लढाईनंतर शेतमळ्यासाठी म्हणून जी जीप निघाली, तिचा होता.

"हा चालन का?" सूर्यभाननं विचारलं.

"काहून नायी चालनार? लष्करातली अन् शेतावरची, दोगी सख्ख्या बयनी हायेत भाऊ. एकीचं लुगडं दुसरीले येते."

आणि लुगडं खरंच आलं. भोकाला भोक जमलं, बोल्टाला बोल्ट जमला. सूर्यभान अकोल्याहून परतला तो अशा थाटात, की जणू जिपा बनवणाऱ्यांनीच त्याचा सल्ला घेतला होता. पुढचं लष्कराचं, मागचं शेतावरचं. रस्त्यावर मागचीच चाकं ओढत, त्यामुळे काही कळलं नाही. पावसाळ्यात दांडा ओढून तो काळ्या मातीच्या चिखलात शिरला तरी कळलं नाही. चिखलात चाकं घसरतात, आणि पुढच्या-मागच्याचं काय भांडण असेल ते चिखलातच मुरतं. उलट त्यानं पावसाळाभर लोकांच्या बैलगाड्या ओढून काढल्या आणि प्रत्येकाला ऐकवलं, "आता बैलं इकून टाका बाप्पा!"

पोळा आला, तेव्हा त्याच्या ध्यानात आलं की मानाची जोडी म्हणून उभं करायला आपल्या गोठ्यात शेपूटही नाही.

एखादा शहाणा गप्प बसला असता. सूर्यभान केशवराव पाटलांकडे गेला आणि म्हणाला, "माही जीपच तोरनाखालून नेतो."

पाटील सुपारी कातरत होते. ती तशीच राहिली. जानराव तिथंच होता. तो म्हणाला, "पोया बैलाचा असते, सूर्यभान. उद्या कोनी शिलाई मशीन आनन."

"पुढचे दोन चाकं एक बैल, मागचे दोन दुसरा. जोडी झाली का नायी?"

पाटलांना दोघांपैकी कुणालाही दुखवायचं नव्हतं, म्हणून त्यांनी पाटलांनी काढावी तशी वाट काढली. "जोडी म्हनजे दोगायनंबी ओढलं पायजे. पुढचं बी ओढन अन् मागचं बी, तरच मी तिले जोडी म्हनन. तो दांडा वढूनच आनजो."

सूर्यभान हसत हसत घरी आला. दांडा ओढायचा, एवढंच ना!

पोळ्याच्या दिवशी ऊन पडलं होतं. जिपेला झूल घातली होती, दिव्यांना बेगड, आणि पुढच्या लोखंडाला चक्क दोन लाकडी शिंगं बांधली होती. मागे सगळ्या गावचे बैल, रांगेत पहिला नंबर जानरावाकडच्या चांद्या-पोवळ्याचा. गल्लीतल्या चिखलातून जीप डुलत आली. मारुतीसमोर मात्र पाटलांनी बैल रुतू नयेत म्हणून दगडी फरशी घातली होती. चाकांचा चिखल दोन-चार हात फरशीवर पुसला गेला, आणि मग कोरडा दगड लागला.

तिथं जीप कण्हायला लागली. पुढची चाकं म्हणत चला, मागची म्हणत थांबा. टायर दगडावर किंचाळले. बरोबर तोरणाखाली येऊन तिनं एक हिसका दिला आणि बंद पडली. सूर्यभाननं पुन्हा सुरू केली, पुन्हा बंद. दांडा काढायला गेला, तर दांडा निघेना. दोन्ही हातांनी ओढला, पायानं लाथ मारली, मारुतीला नारळ कबूल केला. दांडा ढिम्म.

आता पंचाईत पाहा. पहिली जोडी तोरणाच्या पलीकडे गेल्याशिवाय पोळा फुटत नाही, आणि पहिली जोडी अर्धी अलीकडे, अर्धी पलीकडे. मागे बैल फुरफुरायला लागले. दहा माणसांनी जीप पुढे लोटली, ती इंचभर सरकली नाही. सूर्य चालला खाली.

पोळ्याला आमच्याकडे झडत्या म्हणतात, म्हणजे एकमेकांची उणीदुणी काढणारी कवनं. एकानं लगेच हाळी दिली:

"पुढची म्हने चाल चाल, मागची म्हने थांब,
सूर्यभाननं तोरनाखाली रोवला लोखंडी खांब!"

"महादेव!" अख्खं गाव गरजलं.

तेवढ्यात बायकांतून पार्वताबाई आरतीचं ताट घेऊन पुढे आली. "अवो, बैल जोत्यात अडकला त काय करता तुमी?"

"तू घरी जाय."

"मागं घेता ना त्याले? मंग इले घ्या मागं."

"मानाची जोडी मागं जात नसते!"

"मानाची?" पार्वताबाईनं ताट खाली ठेवलं. "बजारात मेल्या बैलाचंबी तोंड उघडून पाह्यता. इची जोडी जमवली तवा दात पाह्यले होते का?"

तिला बिचारीला जिपेच्या पोटात दात असतात हे माहीत नव्हतं. नवऱ्याचंच रोजचं वाक्य तिनं त्याच्या तोंडावर मारलं होतं. गाव हसून हसून खाली बसलं. सूर्यभान मात्र हसला नाही, चिडलाही नाही. खुशालरावाच्या दुकानात आसाचं झाकण उघडून आत पाहायचं त्याला सुचलंच नव्हतं, हे त्याला त्या क्षणी आठवलं.

त्यानं जीप मागे घेतली. दोन हात मागे गेली असेल नसेल, पोटातून कट्ट असा आवाज आला, ताण सुटला आणि दांडा अलगद निघाला. तसाच तो उलट्या चालीनं, शिंगांसकट, सगळ्या रांगेच्या कडेकडेनं शेवटपर्यंत गेला. बैलांनी वाट दिली. चांद्यानं तर म्हणे जिपेला हुंगलंसुद्धा.

पोळा जानरावाच्या नावानं फुटला. पण तोरणाखालून सुटलेले चांद्या-पोवळ्या जानरावाकडे न वळता सवयीनं सरळ पार्वताबाईच्या अंगणात शिरले. तिनं त्यांचे पाय धुतले, पुरणपोळी चारली. सूर्यभान ओट्यावर बसला होता. त्यानं विचारलं, "मले?"

"तुमी जिपेसंगं जेवा."

दुसऱ्या दिवशी त्यानं दोन्ही आसांची झाकणं उघडली आणि आतल्या चक्रांचे दात मोजले. पुढच्याला एकोणचाळीस, मागच्याला त्रेचाळीस. दात जास्त, तेवढं चाक सावकाश फिरतं. त्यामुळे पुढची चाकं धावत होती आणि मागची रेंगाळत होती. अशी जोडी त्यानं नांगराला कधी जुंपू दिली नसती.

वर्षभर बाजारात त्यानं बैलाचा ओठ वर केला की मागून कुणीतरी विचारी, "मोजा भाऊ, एकोनचाळीस का तिरचाळीस?" शेवटी तो पुन्हा अकोल्याला गेला आणि पुढचा आसही शेतावरच्या जिपेचा आणून बसवला. आता जोडी जमली. पुढच्या पोळ्याला तो जीप घेऊन पुन्हा मारुतीसमोर पाटलांपुढे हजर! पाटील काही बोलायच्या आत जानरावानं जिपेखाली वाकून पाहिलं आणि म्हणाला, "दात दाखो."

दुसरा कुणी असता तर शिवी हासडून घरी गेला असता. पण हा पारखी. दात दाखवायला नाही कसं म्हणणार? पांढऱ्या धोतरानं सूर्यभान जिपेखाली शिरला, बोल्ट काढले, काळं तेल अंगावर सांडलं, आणि तो मोठ्यानं मोजू लागला. पुढचे त्रेचाळीस बरोबर भरले. मग सरपटत मागे गेला. मागचे एकवीस झाले, बावीस झाले, आणि बाजूनं खुरांचा आवाज आला. जानरावानं हाकललेले चांद्या-पोवळ्या तोरणाखालून निघून गेले होते.

तो मोजतच होता. लोक सांगतात, बरोबर त्रेचाळीस भरले.