टोपाच्या आतलं अस्तर

म्हैसूरला आमच्या गल्लीतल्या शिंपीमामांनी महायुद्धाच्या काळातले अग्निशमन दलाचे सात लोखंडी टोप जपलेत. ते स्वतः एकही डोक्यावर घालत नाहीत. आतलं चामडी अस्तर उसवलं तर जुन्याच भोकांतून दोरा ओवतात, नवं भोक पाडत नाहीत. "आग विझवणाऱ्याचा घाम आहे रे यात," म्हणतात.

कॉलेजच्या प्रदर्शनासाठी त्यातला एक मीच मागून नेला. सरांनी तो लालभडक रंगवून घेतला आणि वास येतो म्हणून अस्तर कापून फेकलं. मी समोरच उभा होतो. आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. सरांना अडवायला तोंड उघडलं नाही. स्वतःवरची ती चीड अजून जात नाही.

मामा प्रदर्शन बघायला आले. टोपात हात घालून थबकले. "अय्यो, अस्तर कुठं रे?"

सर हसले. "वास येत होता, मागं कचऱ्यात टाकलं. बघा मामा, कसा नवा दिसतोय!"

"नवाच पाहिजे होता तर बाजारातून आणायचा की, सार!"

मग मामा मागच्या कचऱ्यापाशी उकिडवे बसले. मीही शेजारी बसून उपसायला लागलो. अस्तर मलाच सापडलं. मामांनी ते माझ्या हातातून काढून घेतलं, खिशात ठेवलं, आणि माझ्याकडे न बघता निघून गेले.