अक्कांची मुलाखत

देवपूरला आमच्या शेजारी राहणाऱ्या अक्का टीव्हीवर मोठ्या माणसांच्या मुलाखती बघतात. बघतात कसल्या, देतातच. प्रश्न विचारून झाला की त्या रिमोटने आवाज बंद करतात. पडद्यावर पाहुणा नुसते ओठ हलवत राहतो आणि इकडे अक्का पदर सारखा करून उत्तर देतात. एरवी भाजीवाल्याशी, माझ्याशी त्या खानदेशीच बोलतात. टीव्हीशी मात्र अगदी पुस्तकी मराठी.

परवा मी त्यांची वाटी परत द्यायला गेलो, तेव्हा एका गायिकेला विचारलं जात होतं, "आयुष्यात काही करायचं राहून गेलं का?"

अक्कांनी आवाज बंद केला. "छे हो," त्या हसून म्हणाल्या, "मी अगदी समाधानी आहे."

मग कितीतरी वेळ त्या गायिकेच्या पेटीवर फिरणाऱ्या बोटांकडे बघत राहिल्या. आवाज लावायचंही विसरल्या.

"अक्का, खरंच काही राहिलं नाही?" मी विचारलं.

त्या माझ्याकडे वळल्या. रिमोट उचलून त्यांनी आवाज मोठा केला.

"तू नको ईचारू, भो," त्या म्हणाल्या. "तुले माले खरं सांगनं पडी."