कार्डांची साखळी

१२ जानेवारी १९८०, शनिवार. कडाक्याची थंडी, वैनगंगेवरच्या कारध्याच्या पुलावर धुकं.

फोरट्रान या कॉम्प्युटरच्या भाषेचे किस्से एवढे साचलेत, की एक सांगायला जावं तर दुसरा आधी तोंडात येतो!

मी शाळामास्तर, चाळिशीनंतर एम.एस्सी. गणिताला बसलो. कॉलेज भंडाऱ्यात, कॉम्प्युटर नागपुरात. प्रोग्रामची एक ओळ म्हणजे भोकं पाडलेलं एक कार्ड. रविवारी नागपुरात भोकं पाडायची, कार्डं सरांना दाखवायची, मग गठ्ठा एसटीने परत नागपूरला. उत्तर आठवड्याने!

सरांनीही कॉम्प्युटर पाहिलेला नव्हता. मी विचारलं, "सर, तो चालतो कसा?"

"मास्तर, हा प्रश्न परीक्षेत येत नाही!"

* * *

माझ्या पहिल्या प्रोग्रामचं उत्तर आलं. पानंच्या पानं, सगळीकडे एकच आकडा.

सर गोंधळले. "उत्तर बरोबर आहे. पण इतक्यांदा काहून सांगून राहिला हा?"

पवनीच्या विणकराचा वसंता माझ्या शेजारी बसायचा. म्हणाला, "सर, गिऱ्हाईक विसरते नं!"

* * *

वसंताचा गठ्ठा एसटीत सुटला, कार्डं सीटखाली पसरली. कंडक्टरने सगळी गोळा करून दिली. "पाहा, एक कोपरा बी वाकडा नाही!"

कोपरे सरळ होते. क्रम गेला होता. मशीनने 'संपलं' ही शेवटची ओळ आधी वाचली आणि काम थांबवलं.

सर म्हणाले, "वसंता, पुढच्या शनिवारी उत्तर नाही आलं, तर वर्ष गेलं तुझं."

* * *

वसंताने कार्डं क्रमाने लावून घरी पवनीला नेली. वडिलांनी पाहिली. त्यांच्या मागावरही साडीचा काठ भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या पत्त्यांवरच निघतो.

"असे सुटे पत्ते काहून नेऊन राहिला बे? काठाचं वाटोळं होते अशानं!"

आणि त्यांनी मागाच्या पत्त्यांसारखीच सगळी कार्डं कडेला भोकं पाडून सुती दोऱ्याने ओवली. लांबच लांब साखळी!

वसंता खूश. "सर, आता क्रम बिघडूच शकत नाही!" नवी कार्डं पाडायला वेळ नव्हता. साखळी तशीच नागपूरला गेली.

आज, ठरल्या शनिवारी, परत आली. सोबत चिठ्ठी: "हे मशीन आहे, माग नाही."

सरांनी खोलीचं दार लावून घेतलं, साखळी टेबलावर ओढली आणि कार्डाच्या माथ्यावर छापलेली एकेक ओळ वाचत पेन्सिलीने आकडेमोड सुरू केली. एक ओळ झाली की पुढचं कार्ड ओढायचं. 'मागे जा' असं कार्ड आलं की साखळी उलटी ओढायची.

संध्याकाळी उत्तर आलं: २.०९४६. वसंता पास.