अंटार्क्टिकातलं भरीत

जळगावला उतरले तेव्हा हवेत बोचरी थंडी होती. चोपड्याला गाडी बदलताना गडबडीत यावलच्या गाडीत चढले. "ताई, ही उलटी जाते, उतरा!" म्हणत वाहकाने मला खाली उतरवलं. शिरपूरच्या गाडीत जागा मिळाली ती नेमकी चाकावरची. उजवीकडे सातपुडा, डावीकडे कपाशी उपटलेली शेतं आणि बांधावर पऱ्हाट्यांचे (कपाशीच्या वाळलेल्या काड्या) ढीग. तो प्रत्येक ढीग मला भिववत होता.

माझं काम ध्रुवाकडच्या हवेचं. अंटार्क्टिकातल्या तळावर फिल्टरवर जमलेल्या बारीक कणांतलं शिसं, जस्त, पोटॅशियम मोजायचं आणि ते कुठून आलं ते शोधायचं. एका फिल्टरवर पोटॅशियम भलतंच चढलं होतं. झाडपाला जळला की ते हवेत येतं. समुद्रापलीकडच्या वणव्यांचा धूर बर्फापर्यंत पोचला, असं आम्ही लेखात छातीठोकपणे लिहून टाकलं. लेख पाठवणार, तोच तिथे राहून आलेला सहकारी सहज बोलून गेला, "आमच्या आचाऱ्याने तिकडे खरं भरीत खाऊ घातलं." त्या 'खऱ्या'ने माझी झोप उडवली. खरं भरीत जाळावरच भाजतात, आणि तळावर नुसत्या विजेच्या शेगड्या आहेत.

आचारी शिरपूरजवळचे. सगळे त्यांना नाना म्हणतात. पुढच्या मोहिमेसाठीही त्यांचं नाव होतं. तिथे बाहेरची वनस्पती न्यायला सक्त मनाई आहे. माझा संशय खरा निघाला, तर आमचा निष्कर्ष जाणार होता आणि नानांची वारीही हुकणार होती.

मी येणार म्हणून नानांनी शेतातच बेत केला होता. पऱ्हाट्यांच्या जाळावर हिरवी वांगी, कळण्याची (ज्वारी-उडदाची) भाकर, पातीचा कांदा. वास असा, की एरवी मी तुटून पडले असते. घास काही उतरेना.

"नाना, तिकडे भरीत कशावर भाजलं होतं?"

"ह्याच काड्यांवर! शेगडीवरनं भरीत काय भरीत शे? पोरे घरनी याद काढेत. मी गादीमा गुंडाळीसन एक मोळी लई गऊ."

गादीत गुंडाळून नेलेल्या त्या मोळीचाच धूर फिल्टरवर बसला असणार, हे मी सांगितलं. नानांचा हात भाकरीवरच थांबला.

"मग आते माले नेतीन नही ना?"

पुढच्या मोहिमेतून नाव कटणार, हे त्यांनीच ओळखलं. त्यांच्या पत्नी, अक्का, माझ्याजवळ सरकल्या. "ताई, तुम्ही नका सांगा ना."

खरं सांगते, न सांगण्याचा मोह मला झाला. वणव्यांवर सगळं ढकलणं सोपं होतं. नाना उठले, ढिगातून मूठभर काड्या काढून त्यांनी कागदात बांधल्या आणि माझ्या पुढ्यात ठेवल्या.

"तपासा. खोटं नका लिखा."

परतीच्या गाडीत ते पुडकं मी मांडीवर घेऊन बसले होते. मला नानांचा राग यावा, म्हणजे कळवणं सोपं जाईल, असं फार वाटत होतं, पण तो आला नाही.

काड्यांची राख आणि फिल्टर जुळले. लेखातले वणवे मी खोडले, आणि मोहिमेच्या कार्यालयाला मोळीचं कळवलंही. यंदा तळावर दुसरा आचारी गेला.

तिकडचे नवे फिल्टर आले, अगदी स्वच्छ. त्याच आठवड्यात नानांचा फोन आला.

"ताई, यंदा हवा साफ शे ना?"

"हो, नाना."

"बरं व्हयनं," ते म्हणाले. मग नव्या आचाऱ्याने पोरांना भरीत खाऊ घातलं का, ते त्यांनी विचारलं.