वरच्या चेंबरचं पाणी

गंगाराम गोताडांचा माणसांवर विश्वास नाही, आणि त्यांना पगार त्याचाच मिळतो. महामार्गालगतच्या आमच्या छोट्या वसाहतीत सगळ्या कारखान्यांचं सांडपाणी एकाच भूमिगत गटारातून शुद्धीकरण केंद्रात येतं. मी तिथे प्रयोगशाळेत, गंगारामभाऊ फिरतीवर. चेंबरचं झाकण काढायचं, वास घ्यायचा, आम्ल असलं की लाल होणारी कागदाची पट्टी पाण्यात बुडवायची, बाटली भरून आणायची. आम्ल, मीठ, तेल, कडकडीत पाणी गटारात सोडायचं नाही, असं फाटकावर मोठ्या अक्षरांत रंगवलेलं आहे. टाक्यांत घाण खाणारे जिवाणू असतात. ते मेले की घाण तशीच खालच्या वहाळात जाते.

भाऊ टँकरवाल्यावर संशय घेत, रखवालदारावर घेत, माझ्या मशीनवरही घेत. प्रज्ञेशवर मात्र जरा जास्तच. हा मालगुंडचा तरुण, कपड्यांचे रंग बनवणारा छोटा कारखाना चालवायचा. भाऊ नमुना घ्यायला गेले की फाटक सताड उघडं, वर चहाचा आग्रह. भाऊ चहाला हात लावत नसत.

"एवढा गोड कशाला वागतो तो? कायतरी हाय, मॅडम."

मे महिन्यात टाकीचं पाणी बिघडलं. जिवाणू मरायला लागले. गटारातून तांबूस, आंबट पाणी येत होतं. भाऊंनी प्रज्ञेशच्या फाटकासमोरचं झाकण काढलं आणि पट्टी बुडवली. पट्टी लालभडक झाली.

"सापडला!" भाऊ म्हणाले. त्यांना इतकं खूश मी कधी पाहिलं नव्हतं.

प्रज्ञेशनं शपथा घेतल्या, सगळा कारखाना फिरून दाखवला. जितकं दाखवलं तितका भाऊंचा संशय वाढला. शेवटी केंद्राच्या साहेबांनी त्याची गटाराची जोडणी तोडली. पाणी सोडता येईना म्हणून कारखाना बंद पडला आणि कामगार घरी बसले. महिनाअखेरपर्यंत खुलासा पटला नाही तर परवानाच जाणार होता.

आठवडा गेला, तरी तांबडं पाणी येतच राहिलं.

"चोरपाईप टाकलाय त्यानं," भाऊ म्हणाले. भर उन्हात त्यांनी प्रज्ञेशच्या कुंपणाकडेचं गवत काढलं, पहारीनं जांभा दगड ठोकून पाहिला. पाईप काही मिळेना. मग मी म्हटलं, त्याच्या वरच्या अंगाचं चेंबर उघडून तर बघू.

"वर काय हाय? काजू, फणसपोळी, आमसुलं. सगळं खायचंच. ते काय तपासायचं?"

खरंच, वरच्या गाळ्यांचं पाणी कोणी कधी तपासलंच नव्हतं. जे पोटात जातं ते गटाराला काय बाधणार, असं इथल्या कुणालाही वाटेल. तरी मी हट्टच धरला. भाऊंनी कुरकुरत झाकण उचललं. खाली तांबडं पाणी झुळझुळत होतं. पट्टी पुन्हा लाल झाली.

तसंच एकेक झाकण उघडत वर गेलो, तेव्हा शेवटी एकच जोडणी उरली. विमलावहिनींच्या, म्हणजे भाऊंच्या बायकोच्या, बचत गटानं यंदाच घेतलेला गाळा.

आत वहिनी आणि दोघी बायका पिंपं धूत होत्या. कोकमाच्या सालींना मीठ लावून आगळ, म्हणजे खारा रस, काढलेला, आणि तळाचं उरलेलं तांबडं खारं पाणी मोरीत ओतणं चाललेलं. खारट, आंबट वास नाकात भरला. भाऊंना तो कधी वेगळा जाणवलाच नव्हता. मे महिन्यात त्यांच्या घराला, कपड्यांना, हातांना तोच वास असतो.

भाऊ दारातच उभे राहिले. मी त्यांच्याकडे बघत होते आणि, खोटं कशाला बोलू, मला त्यांचा संशय आला. वहिनींच्या कानात सांगितलं असतं तर मोरी आजच बंद झाली असती. पाणी आपोआप निवळलं असतं, प्रज्ञेश चोर तो चोरच राहिला असता, आणि वसाहतीत कुणालाही काही कळलं नसतं.

भाऊंनी पिशवीतून बाटली काढली.

"ह्ये काय?" वहिनी म्हणाल्या. "घरच्या मानसाचा नमुना घेताय तुमी?"

"घ्यायलाच होवा."

"अवो, कोकम हाय ते! तुमीच रोज पिताय नं?"

"तो पोरगा घरी बसलाय, विमल. माज्यामुळं." त्यांनी बाटली भरली आणि तिच्यावर स्वतःच्या हातानं बायकोच्या गटाचं नाव घातलं. साहेबांसमोर मला काहीच बोलावं लागलं नाही. सगळं त्यांनीच सांगितलं. दुसऱ्या दिवशी गाळ्याच्या मोरीला बूचही त्यांनीच मारलं. पाणी साठवायची टाकी बांधून होईपर्यंत गटाचं काम बंद. ऐन हंगामात सालींची पिंपं तशीच पडून राहिली, आणि वहिनी भाऊंशी बोलेनाशा झाल्या.

प्रज्ञेशचा कारखाना सुरू झाला. पुढच्या फेरीला मी भाऊंबरोबर गेले. फाटक बंद होतं, हाक मारल्यावर उघडलं. प्रज्ञेश हसला नाही. भाऊंनी बाटली भरली, तेव्हा त्यानं खिशातून स्वतःची बाटली काढली.

"ह्याच पाण्यानं हीपण भरा," तो म्हणाला. "सील करून माझ्याकडे राहील. आणि मोबाईलवर शूटिंग करतोय मी."

भाऊंनी दुसरी बाटली भरली, सील केली आणि त्याच्या हातात दिली.

"बरोबर करतोस," ते म्हणाले. आणि मान वर न करता पुढचं झाकण उचलायला वाकले.