माझ्या मापाचा गुडघा

देव ऐकतो, यावरचा माझा विश्वास त्या दिवसांत पार उडाला होता. मोटारसायकलवरून पडलो आणि उजव्या गुडघ्यातल्या कूर्चेचा टवकाच उडाला. आमच्या अंथुर्ण्याच्या घरी चंपाषष्ठीला पाच जण एकेक गुडघा टेकून खंडोबाची तळी उचलतात. त्यात वडिलांमागं माझी जागा. ती चुलतभावाला द्यावी लागली, तेव्हा प्रसादाचं खोबरंही मला गोड लागलं नाही. पुण्याचे डॉक्टर म्हणाले, मृत दात्याची कूर्चा हाडासकट बसवता येईल. पण तुमच्या गुडघ्याच्या मापाची मिळाली तरच. इथं नंबर लागत नाही, माप जुळावं लागतं.

तिथंच लोणी भापकरचे वसंतराव भेटले. त्यांचाही गुडघा तसाच गेलेला. माझ्या कितीतरी मागून आले, आणि त्यांच्या मापाची कूर्चा आधी आली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ते काठी टाकून चालायला लागले, तसा माझा जळफळाट आणखी वाढला. बारामतीच्या बाजारात ते दिसले की मी लंगडत का होईना, वाट बदलायचो. खंडोबापुढं तोंडात येळकोट आणि मनात एकच, त्याला दिलंस, मला का नाही?

एकदा मात्र त्यांनी मला गाठलंच. भंडाऱ्याची पुडी हातात ठेवली. मी कुजकटपणे म्हणालो, "तुमचं बरं हाय वसंतराव, देव तुमच्या घरचाच."

ते हसले नाहीत. "मला मिळालं त्या दिवशी कुणाच्या तरी घरी चूल पेटली न्हाय, दादा. तुमी लवकर दे म्हणताय, म्हंजी काय मागताय, बघा की जरा."

माझ्याच हाडापेराचा कुणी धडधाकट माणूस कुठंतरी हिंडत होता, आणि मी देवाला घाई करत होतो. त्या संध्याकाळी ती पुडी देवापुढं वाहिली. स्वतःसाठी काही मागितलं नाही. म्हणालो, तो जो कुणी असेल त्याला सांभाळ, पुढं तुझी मर्जी.

काही दिवसांनी इस्पितळातून फोन आला. माप जुळलं होतं. मी रडलो, आनंदानं की कशानं, ते आजही सांगता येत नाही.

यंदा माझ्या जागेवर गुडघा टेकून बसलो. वसंतरावांचा हेवा संपला, असं खोटं बोलणार नाही; ते अजून माझ्यापेक्षा ताठ चालतात. पण तळी उचलण्याआधी भंडाऱ्याची पहिली चिमूट त्या दात्याच्या नावानं गुडघ्याला लावली आणि हात जोडले. तळीला पाच जण लागतात. आमच्याकडं यंदा सहा होते.