फळ्यावरची दाढी

राजाजीनगरच्या रघुपतीअण्णांकडे देवघराला लागून एक संगणक होता आणि घरातला एकुलता एक फोन त्याच्याच ताब्यात असे. साल सत्त्याण्णव. त्या कानडी शहरातली मराठी माणसं आपापल्या संगणकावरून त्या फोनचा नंबर फिरवत, एका वेळी एकच, आणि रोमन अक्षरांत मराठी लिहून जात. या जागेला सगळे 'फळा' म्हणत. फळ्यावरचं काय पुसायचं, ते तिघे बिनपगारी संचालक ठरवत: अण्णा, पुण्याहून नोकरीला आलेला पुरुषोत्तम आणि सुचेता. नियम अण्णांचा. ज्याचा मजकुराशी संबंध, त्याला मत नाही. आणि निर्णय होईपर्यंत मजकूर जागचा हलणार नाही. या नियमाचा त्यांना पोटच्या पोरासारखा अभिमान.

गणेशोत्सवातलं नाटक पाहून अण्णांच्या बायकोने, विमलाक्कांनी, जन्मात पहिल्यांदा काही लिहिलं: "ऋषींची दाढी भर प्रवेशात सुटून हातात आली. पुढचा उपदेश पुरुषोत्तमने तिलाच केला. तिने तो शांतपणे ऐकून घेतला. नाटकात तेवढंच काम मला आवडलं."

दुसऱ्या दिवशी पुरुषोत्तम स्कूटर घेऊन दारात हजर.

"अण्णा, हे पर्सनल आहे. काढून टाका."

"मी नवरा. मला मत नाही."

"मग मी देतो."

"दाढी तुझी. तुलाही नाही."

"सुचेता?"

"ती विंगेत प्रॉम्प्टर. निम्मं नाटक तिच्याच आवाजात ऐकू आलं, असं हिने खाली लिहिलंय."

विमलाक्का कॉफी घेऊन आल्या. चेहरा हसरा, पण पेला ठेवून त्या संगणक आणि पुरुषोत्तम यांच्या मधे उभ्या राहिल्या. आयुष्यभर दुसऱ्यांचं ऐकलेल्या बाईचं आता लोक वाचत होते, आणि ते पुसलं जाईल म्हणून ती घाबरली होती. अण्णांना ते दिसलं. नियम केल्याचं सार्थक झालं, असं त्यांना वाटलं.

"अक्का, मी खाली उत्तर लिहिलं तर चालेल ना?"

"सरी, चालेल, लिही की!"

पुरुषोत्तम तिथेच बसला, टकटक करत लिहिलं, कॉफी संपवून गेला. अण्णांनी वाचलं: "दाढीचा दोष नाही. रंगभूषा अण्णांकडे होती. दाढीचा गोंद संपला, तेव्हा त्यांनी पाकिटं चिकटवायची खळ लावली आणि कुणाला सांगू नकोस म्हणाले."

अण्णांचे कान तापले. "हे खोटं... म्हणजे खरंय, पण फळ्यावर कशाला?" त्यांचं बोट पुसायच्या कळीकडे निघालं.

"अहो," मागून विमलाक्का म्हणाल्या, "संबंध कुणाचा?"

बोट हवेतच राहिलं. तेवढ्यात फोन वाजला आणि संगणक किंचाळला. कुणीतरी वाचायला आलं होतं. विमलाक्कांनी खुर्ची ओढली आणि नवऱ्याला स्वल्प सरकायला सांगितलं.